अबोल्यासकट थीम पार्क

सोलापुरात मे महिन्यात दोनच कामं करता येतात. एक म्हणजे कूलरसमोर बसणं आणि दुसरं म्हणजे त्या कूलरमध्ये पाणी ओतणं. आमच्या ओवीला, म्हणजे माझ्या लेकीला, यंदा दोन्हींचा कंटाळा आला. तिच्या वर्गातली निम्मी पोरं पुण्याच्या पलीकडं घाटाखाली असलेल्या मोठ्या थीम पार्कला जाऊन आली होती आणि उरलेली निम्मी आपण जाणार असल्याचं सांगत फिरत होती. मी तिला आपल्या गड्ड्याच्या जत्रेची आठवण करून दिली. तिथंही आकाशपाळणा असतो, ब्रेक डान्स असतो, वर जत्रेतले प्रसिद्ध भाग्यश्री बटाटेवडे मिळतात. "ती जानेवारीत असते, पप्पा," ओवी म्हणाली. आमच्या घरात मला एवढ्या थोडक्यात गप्प करणारं दुसरं कुणी नाही.

जायला माझी ना नव्हती, दुकान दोन दिवस बंद ठेवलं असतं. अडचण वेगळीच होती. ओवीला सार्थकबरोबर जायचं होतं. सार्थक म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा मुलगा. दादा रेल्वेत आहे, कुर्डुवाडीला राहतो. सार्थक येणार म्हणजे वैनी येणार, वैनी येणार म्हणजे दादा येणार, आणि दादाशी माझा अबोला होता.

कारण सांगतो, म्हणजे चूक कुणाची ते तुमचं तुम्हाला कळेल. गेल्या वर्षी दादानं कुर्डुवाडीत घर बांधलं. वास्तुशांतीला आमच्याकडं मानाच्या माणसांना फेटे बांधतात. दादाच्या मेव्हण्याला फेटा बांधला. त्या मेव्हण्याच्या मेव्हण्यालाही बांधला. ज्यानं घराचं वायरिंग केलं त्यालाही बांधला. माझी पाळी आली आणि फेटे संपले. सख्ख्या भावाच्या वास्तुशांतीत माझ्या डोक्यावर पांढरी टोपी आली आणि हातात टॉवेल. दादा म्हणाला, "घरचाच हाय की, चालतंय." मला चाललं नाही. मी जेवलो, कारण अन्नावर राग काढायची आमच्याकडं पद्धत नाही, आणि एक शब्द न बोलता सोलापूरला परत आलो.

लोकांना वाटतं अबोला म्हणजे भांडण. तसं नाही. भांडणात बोलावं लागतं. अबोल्याला नियम असतात. समोरच्याचं नाव घ्यायचं नाही, त्याला 'त्यो' म्हणायचं. काही सांगायचंच असेल तर मध्ये तिसरा माणूस घालायचा, मग तो माणूस दोघांच्या मधोमध बसलेला असला तरी चालतो. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे जो आधी बोलेल तो हरला. मी वर्षभर दादाच्या बोलण्याची वाट बघत होतो. तो बोलला की आपण काय म्हणायचं, कुठं बघत म्हणायचं, किती वेळ थांबून म्हणायचं, सगळं माझं ठरलेलं होतं. दादाचंही ठरलेलं असणार, कारण तोही बोलत नव्हता.

आमच्या बायकांनी मात्र हा अबोला एक दिवसही पाळला नाही. माझी बायको अर्चना आणि वैनी रोज फोनवर बोलतात. सहल त्या दोघींनीच ठरवली. मला एवढंच कळलं की मित्राची सात सीटची गाडी मागून आणायची आहे आणि ती मी चालवायची आहे.

मोडनिंबचा फाटा

आमची आई मोडनिंबजवळच्या आमच्या गावातच राहते. दादा कुटुंबासह आदल्या दिवशी तिच्याकडं आला होता, तेव्हा सगळ्यांना फाट्यावरून घ्यायचं ठरलं. मी, अर्चना आणि ओवी सकाळी सोलापूर सोडून मोहोळ ओलांडून फाट्यावर पोचलो, तर मंडळी चहाच्या टपरीवर बसलेली. आईच्या मांडीवर भाकरीचं गठुळं होतं. दादानं माझ्याकडं बघितलं नाही. मीही बघितलं नाही, पण त्यानं नवा शर्ट घातलाय हे मला दिसलं.

आता बसायचं कसं हा प्रश्न आला. दादाला मागं बसलं की गाडी लागते. लहानपणापासून एसटीतही तो ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटसाठी भांडायचा. म्हणजे पुढं आम्ही दोघं, न बोलणारे, आणि मागं पाच जण, अखंड बोलणारे. मोडनिंब सुटलं आणि दादातला रेल्वेचा सुपरवायझर जागा झाला.

"आई, त्याला म्हनावं, म्हस हाय."

आई बरोबर मागच्या सीटवर होती, पण ती वैनीशी लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल बोलत होती. तिनं आधी कैऱ्या संपवल्या आणि मग मला सांगितलं, "बाळू, म्हस हाय म्हनतोय." तोवर ती म्हैस रस्ता ओलांडून तिच्या मालकाच्या घरी पोचली असेल.

"आई, त्याला सांग, म्हस दिसती मला. मला डोळं हाईत."

"डोळं हाईत म्हनतोय," आईनं दादाला सांगितलं.

"असू देत की. पर रस्त्याकडं असू देत."

टेंभुर्णी येईपर्यंत आईनं इतके निरोप पोचवले की तिच्या तोंडाला कोरड पडली. मागं ओवी आणि सार्थक तोंडात रुमाल कोंबून हसत होते. मी आरशात बघितलं तर अर्चना आणि वैनीही हसत होत्या.

भिगवणचा मासा

उजनीच्या पाण्याच्या कडेनं जाताना जेवायची वेळ भिगवणला गाठावी, हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला शिकवावं लागत नाही. आम्ही एका साध्या हॉटेलात बसलो. तळलेल्या चिलापीची ताटं आली, बाजरीच्या भाकरी आल्या, लालभडक रस्सा आला. धरणाच्या पाण्यातला तो मासा गोडसर असतो आणि वरून मसाला चुरचुरीत, त्यामुळं माणूस बोलायचं विसरतो. आम्ही दोघं आधीच विसरलेलो होतो, त्यामुळं आमचं जेवण सगळ्यात भरभर चाललं.

"सार्थक, काकाला म्हनावं काटं हाईत," दादा म्हणाला.

सार्थकच्या तोंडात मोठा घास होता. त्यानं तो सावकाश गिळला, पाणी प्यायला आणि मला म्हणाला, "काका, काटे आहेत." काटा तेव्हा माझ्या घशात होता. मी लाल झालो, खोकलो, डोळ्यांतून पाणी आलं. अर्चना पाठीत थापा मारायला लागली. तेवढ्यात समोरून कोरड्या भाकरीचा मोठा तुकडा माझ्या तोंडाशी आला. मी तो न चावता गिळला आणि काटा गेला. तुकडा दादानं दिला होता. तो परत आपल्या ताटाकडं बघत जेवत होता.

न बोलता केलेल्या मदतीनं अबोला मोडत नाही, असं मी मनाशी ठरवलं. पण पुढं पुण्यापर्यंत मी त्याच्या बाजूची काच त्याला हवी तेवढी खाली ठेवली.

दारातली पंगत

पुण्याच्या पुढं एका लॉजवर मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पार्कच्या दारात उभे राहिलो. दार म्हणजे किल्ल्यासारखी कमान, तिच्या दोन बाजूंना प्लास्टिकचे दोन राक्षस आणि खाली बॅगा तपासणारे सुरक्षारक्षक. त्यांनी आईचं गठुळं उघडलं. आत कडक भाकरी, शेंगाची चटणी, लसणाचा ठेचा आणि एक नारळ. नारळ पाळण्याला फोडायचा होता. नवीन गाडीत बसायच्या आधी नारळ फोडतात, मग एवढ्या मोठ्या पाळण्यात पोरं बसवायची तर फोडायला नको का, असं आईचं म्हणणं. नारळ गाडीत परत ठेवायला ती कशीबशी तयार झाली. भाकरीवर मात्र अडली.

"आजी, आत खाणं न्यायला परवानगी नाही. गाडीत ठेवा नाहीतर इथं संपवा," रक्षक म्हणाला.

दुसरा पर्याय त्यानं उगाच दिला. आईनं तिथंच कमानीच्या सावलीत, राक्षसाच्या पायाशी पेपर अंथरला आणि आम्हाला बसवलं. आता आमच्याकडची पद्धत अशी की आपण जेवायला बसलो आणि शेजारून कुणी गेलं तर "या जेवायला" म्हणायचं. जाणारा म्हणतो, "बसा बसा, चालू द्या," आणि जातो. आईनं दारातून आत जाणाऱ्या प्रत्येकाला "या जेवायला" म्हणायचा सपाटा लावला. शहरातल्या लोकांना पुढचं वाक्य माहीत नव्हतं. कुणी घाबरून हसलं, कुणी "नो थँक्स" म्हणालं, आणि गॉगल लावलेल्या एक पुण्याच्या बाई खरोखरच येऊन बसल्या. त्यांच्यामागून त्यांचे यजमान, दोन मुलं आणि एक मेव्हणीही बसली.

कडक भाकरी पापडासारखी मोडते आणि शेंगाच्या चटणीबरोबर थांबता येत नाही. बाई म्हणाल्या, "हे क्रॅकर्स कुठे मिळतात?" आईनं त्यांना आपल्या गावाचा पूर्ण पत्ता सांगितला. शेवटी रक्षकालाही दोन भाकऱ्या दिल्या, त्यानं टेबलामागं जाऊन खाल्ल्या. सकाळी साडेनऊला पोटभर जेवून आम्ही थीम पार्कमध्ये शिरलो, आणि यापुढं गोल फिरणाऱ्या कुठल्याही गोष्टीत आपण बसायचं नाही, हे मी तिथंच ठरवलं.

आतली दुनिया

आत लोक उन्हानं हैराण झाले होते. टोप्या, छत्र्या, तोंडावर पाण्याचे फवारे. सोलापूरच्या उन्हातून आलेल्या आम्हाला मात्र गार वाटत होतं. बर्फाची एक खोली होती, तिथं जाडजूड कोट घालायला देऊन आत सोडतात. लोक आत जाऊन किंचाळत होते. आई दोन मिनिटं उभी राहिली, भिंतीला हात लावला आणि म्हणाली, "ह्ये तर बेदान्याचं कोल्ड स्टोरेज हाय. रिकामं कशाला ठिवलंय?"

पोरं उंचच उंच रुळांवरून उलटी होऊन आली आणि खाली येताच परत रांगेत लागली. मी आणि दादा वेगवेगळ्या बाकांवर बसून एकाच दिशेला बघत होतो. मग सार्थकनं आम्हाला दोघांनाही ओढून धडक गाड्यांत बसवलं. लहान मोटारी, भोवती रबर, आणि एकमेकांना धडका मारायच्या. माझ्या लक्षात आलं की अबोल्यात बोलायला बंदी आहे, धडकायला नाही. हेच दादाच्याही लक्षात आलं होतं. त्यानं मला मागून धडक दिली. मी वळून त्याला बाजूनं दिली. पोरांना सोडून आम्ही दोघंच त्या मैदानात एकमेकांच्या मागं लागलो. मी एका धडकेला मेव्हण्याचा फेटा वसूल केला, दुसरीला मेव्हण्याच्या मेव्हण्याचा. वायरिंगवाल्यासाठी मी लांबून वेग घेऊन आलो, पण भोंगा झाला आणि गाड्या बंद पडल्या. उतरताना दादाच्या कपाळावर घाम होता आणि ओठ दाबून धरलेले. तो हसू दाबत होता की राग, ते कळलं नाही.

भुतांची कोठी

दुपारी भुतांच्या कोठीची रांग लागली. रांग म्हणजे आपल्याकडची गर्दी नव्हे. लोखंडी नळ्यांमधून वळत वळत जायचं, कुणी पुढं घुसत नाही. ओवी माझा हात धरून उभी होती. मी तिला म्हणालो, "दिवाळीत परत येऊ." ती म्हणाली, "दिवाळीत सार्थकदादा नसणार."

"का?"

"मोठ्या पप्पांची बदली झालीय ना. भुसावळला. जूनमध्ये सगळे तिकडे जाणार." आणि मग तिनं तोंडावर हात ठेवला. "तुम्हाला सांगायचं नव्हतं. मोठे पप्पा स्वतः सांगणार होते."

मी अर्चनाकडं बघितलं. तिला माहीत होतं. आईला माहीत होतं. बहुतेक मोडनिंबच्या चहावाल्यालाही माहीत असणार. "मला कुणी सांगितलं नाही," मी म्हणालो.

"तुम्ही बोलत नव्हता ना त्यांच्याशी," अर्चना म्हणाली. "मग सांगणार कसं?"

मला सगळ्यांचा राग आला. कुर्डुवाडी म्हणजे काय, सोलापूरहून गाडीत बसलं की डुलकी लागेपर्यंत येते. मनात आलं असतं तर मी कधीही जाऊ शकलो असतो. मनात आणलं नाही, कारण तो तिथंच असणार होता. रुसायला तो जवळ होता म्हणून रुसणं परवडत होतं. भुसावळ कुठं आणि आम्ही कुठं. आज संध्याकाळी आम्ही परत फिरणार, उद्या फाट्यावर त्यांना सोडणार, आणि मग दादा सामान बांधणार. मला त्याला विचारायचं होतं, कधी निघणार, घर मिळालं का, सार्थकच्या शाळेचं काय. पण विचारलं असतं तर मी हरलो असतो.

आई रांगेच्या बाहेर बाकावर बसली होती. मी नळ्यांवरून वाकून तिला म्हणालो, "आई, त्याला इचार, कवा जायाचं हाय."

आईनं माझ्याकडं बघितलं, मग दादाकडं. तो माझ्या मागं दोन हातांवर उभा होता. "आता मी काय निरोप न्हेनार न्हाय," ती म्हणाली. "कालपासनं बोलून बोलून माजं तोंड दुकतंय. तुमी दोगं बी मला सारकं. काय बोलायचं ती तुमचं तुमी बोला, न्हायतर दोगं बी मुकं ऱ्हावा."

एवढ्यात दार उघडलं. ओवी, सार्थक, अर्चना आणि वैनी, चौघं एकदम आत पळाले, ठरवून पळाल्यासारखे. दारावरच्या माणसानं आमच्याकडं बघून दोन बोटं दाखवली. "पुढचे दोघं."

दादाला अंधाराचं काही वाटत नाही, असं सगळी कुर्डुवाडी सांगेल. रात्रपाळीला रेल्वेच्या यार्डात एकटा बॅटरी घेऊन हिंडणारा माणूस. तो पुढं झाला, मी मागं. आत गेल्याबरोबर दार बंद झालं. भिंती चिकट, पायाखाली काहीतरी मऊ, कुठंतरी बाई रडत होती. एक सांगाडा अंगावर आला. मी हूं की चूं केलं नाही. एक शवपेटी उघडून काहीतरी बसलं, तरी मी गप्प. फेट्याच्या रागात फार ताकद असते. मग एका वळणावर दिवे पूर्ण गेले. काहीच दिसेना. पायाशी गार वारा आला, आणि छतावरून केसांसारखं काहीतरी दोघांच्या तोंडावरून फिरलं.

"बाळ्या!"

हा दादाचा आवाज होता. वर्षभर ज्याची वाट बघत होतो तो.

"बाळ्या, हाईस का रं?"

त्याचा हात अंधारात चाचपडत माझ्या मनगटावर आला आणि त्यानं ते घट्ट धरलं. मी जिंकलो होतो. वर्षभर तयार ठेवलेलं उत्तर ओठांवर यायला हवं होतं, पण त्यातला एक शब्द मला आठवेना.

"हाय की," मी म्हणालो. "हितंच हाय."

"यार्डात निदान दिवं तरी असत्यात," तो म्हणाला. मग म्हणाला, "बदलीचं तुला सांगायचं हुतं. दोनदा सोलापूरला आलो. तुज्या दुकानासमोरनं परत गेलो."

"आत का आला न्हाईस?"

"तू गिऱ्हाइकाशी बोलत हुतास. म्हटलं, ह्यो समद्यांशी बोलतोय, मला बगून गप झाला तर." त्यानं माझं मनगट हलवलं. "त्यो फेटा तुजा हुता रं. तुज्यासाटीच काडून ठिवल्याला. वायरिंगवाल्याच्या पोरानं उचलून बापाला दिला. आता भर मांडवात त्याच्या डोक्यावरनं कसा काडायचा?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. अंधार होता म्हणून दोन्ही करता आलं. मी विचारायला लागलो, कधी निघणार, घर कसं आहे, भुसावळचं ऊन सोलापूरपेक्षा जास्त का. तो सांगायला लागला. भिंतीला टेकून आम्ही किती वेळ बोलत होतो कुणास ठाऊक, तेवढ्यात शेजारी हिरवा दिवा लागला आणि तोंडातून रक्त गळणारं एक भूत आमच्यासमोर उभं राहिलं.

"काका, जरा पुढं चला ना," भूत हळूच म्हणालं. "मागं लाईन थांबलीय." मग जरा वाकून त्यानं विचारलं, "सोलापूरकडचं का तुमी? बोलन्यावरनं वाटलं. मी करमाळ्याचा."

दादानं भुताची चौकशी केली. घर कुठल्या पेठेत, घरी कोण कोण, गावाकडं पाणी हाय का. भुतानं सगळी उत्तरं दिली आणि आम्हाला दारापर्यंत सोडून परत मागच्या लोकांवर ओरडायला गेलं.

बाहेर भक्क ऊन होतं. आमची सगळी मंडळी दारासमोर ओळीनं उभी होती, आई मध्यभागी. आमचे चेहरे बघून वैनीनं पदर तोंडाला लावला. आई पुढं आली.

"बोल्लासा का न्हाय?"

"बोल्लो," दादा म्हणाला.

"आदी कोन बोल्लं?"

ओवी आणि सार्थक श्वास रोखून माझ्याकडं बघत होते. दादानं मान खाली घातली होती. उन्हात त्याच्या कानाशेजारचे केस पांढरे दिसत होते, ते मी वर्षभर बघितले नव्हते.

"मी," मी म्हणालो.

दादानं झटकन माझ्याकडं बघितलं. मग घसा खाकरला आणि आईला म्हणाला, "व्हय, ह्योच. लई भ्यालं हुतं गं."

माझं मनगट त्यानं अजून सोडलं नव्हतं.